दोन हिसके म्हणजे सैल सोड

आमच्या आणि सावळीच्या घरात एकच कूड. कारवीच्या काठ्या आणि वरून शेणमातीचा गिलावा. तिनं चुलीत फुंकर मारली तर राख माझ्या ताटात यायची, इतकं ते जवळ. म्हणून त्या दुपारी मी जे ऐकलं त्यात माझा दोष नाही. मी तांदूळ पाखडत बसले होते, आणि कान काही सुपात काढून ठेवता येत नाहीत.

सावळी विचारत होती, "दोर कुठं हाय?"

"तुटला. सांगितलं ना. पाटलाला सांगितलं, पोलिसाला सांगितलं. तुटला." हा जैतू, तिचा नवरा, नात्यानं माझा चुलत दीर.

"तुटला तर अर्धा तुझ्या हातात राहातो. तो अर्धा कुठं हाय?"

पाट सरकल्याचा आवाज आला.

"नवा दोर व्हता. अंबाडीचा, माज्या हातानं वळलेला. तुटल्या दोराचं एक टोक बुडनाऱ्याकडं जातं, एक धरनाऱ्याकडं राहातं. तू आलास रिकाम्या हातानं. तुझं टोक दाव."

मग जैतू बोलला. आवाज असा, की मला वाटलं घरात दुसराच कोणी माणूस आलाय.

"तिनं वढला गो. हिसका आला तो सुदामचा नव्हता. मानसाचा नव्हताच तो. तिनं वढला का सोडावा लागतो. माज्या बानं सांगितलंय, त्याच्या बानं त्याला. नाय सोडला तर दोन जातात."

"मंग दोन जायचं व्हतं," सावळी म्हणाली.

पुढं काही ऐकू आलं नाही. मी सूप खाली ठेवलं आणि उगीच कोंबड्या हाकलायला बाहेर गेले.

या गोष्टीला तीस वर्षं झाली. एकदा सोडलं तर मी ती कोणाला सांगितली नाही. मी काही फार गप्प राहणारी बाई नाही, वाडीत विचारा कोणालाही. पण ही एक गोष्ट तेवढी पोटात राहिली.

सुदाम त्यांचा थोरला, एकोणीस वर्षांचा. आमची ठाकरांची वाडी वैशाखऱ्याच्या अलीकडे, रस्ता सोडून खाली, नदीच्या अंगाला. आषाढात नदीला लोंढा आला की डोंगरातली लाकडं वाहत येतात. ती धरली की वर्षाचं सरपण होतं. पोहणारा कमरेला दोर बांधून उतरायचा, दुसरा काठावर दोर धरून उभा. वाडीखाली डोह आहे, तिथं पाणी गरगर फिरतं आणि लाकडं काठाकडे येतात. तो डोह आसरांचा, पाण्यातल्या देवींचा. साती जणी तिथं राहतात, त्यांना हळद-कुंकू, खणाचा तुकडा ठेवतात. त्यांच्या डोहावर कोणाला नावानं हाक मारायची नाही, आणि त्यांनी ओढलं तर धरून ठेवायचं नाही. हा नियम आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ.

सुदाम एका मोठ्या ओंडक्याकडे गेला आणि परत आला नाही. तीन दिवस माणसं काठाकाठानं टोकावड्याच्या खालपर्यंत गेली. नदीनं ओंडका दिला, सुदाम दिला नाही.

त्यानंतर जैतूनं दोर हातात घेतला नाही. लोकांच्या हे लवकर ध्यानात आलं नाही, कारण माणूस काय करत नाही ते पटकन दिसत नाही. विहिरीवर गेला तर पाणी दुसरा शेंदायचा. लाकडाची मोळी सावळी बांधायची, तो नुसती डोक्यावर घ्यायचा. बैल विकून टाकले. बकरी सुटली तर तिच्यामागं हात पसरून धावायचा, पण गळ्यातला दोर धरायचा नाही. वाडीतले हसायचे. "जैतूबाबा आळशी झाला," म्हणायचे. मीही हसायचे, हसू आलं नाही तरी.

आणि सावळी त्याच्याशी बोलायची बंद झाली. म्हणजे बोलायची, पण मांजराशी. "मने, भाकरी झाली म्हनून सांग." "मने, पावळीचं पानी आत येतंय, कोनाला तरी दिसतंय का इचार." अशी चार मांजरं झाली त्या घरात. सगळ्यांचं नाव मनी, एक बोका होता तोही मनी. त्या मांजरांनी त्या दोघांचा संसार केला, म्हटलं तरी चालेल.

कमळू धाकटा. त्याचंच मला सांगायचं आहे.

भाऊ गेला तेव्हा तो सतरा वर्षांचा. दोन वर्षांनी ठाण्याला भरती आहे असं ऐकून गेला आणि पळण्यात निवडला गेला. सक्ती कोणाची नव्हती, स्वतःहून गेला. सावळी मांजराला म्हणाली, "मने, एक नदीनं नेला, एक सरकार नेतंय." जैतू रस्त्यापर्यंत पेटी घेऊन गेला. पेटीला सुतळी बांधली होती, पण त्यानं पेटी खालून दोन्ही हातांनी धरली होती, तान्हं मूल धरतात तशी.

खडकीला इंजिनिअर पलटणीत त्याला घातलं. आम्हाला वाटायचं पलटण म्हणजे बंदूक. पहिल्या सुट्टीला आला तेव्हा आम्ही विचारलं, किती माणसं मारलीस रे? तर म्हणतो, "काकी, मी पूल बांधतो."

"आनि?"

"बोटीचं इंजिन खोलतो. पंप दुरुस्त करतो. आनि पान्यात उतरतो."

पाण्यात, हे ऐकून सावळी उठून आत गेली. तिच्यामागं मांजर गेलं.

त्यानं मला सांगितलं ते असं. पहिल्या वर्षी उस्तादानं सगळ्यांना तळ्यावर उभं केलं आणि पोहता येणाऱ्यांना पुढं बोलावलं. सगळे पुढं गेले, कमळू एकटा मागं राहिला. त्याला पोहता येत नव्हतं असं नाही. पाय पुढं जाईनात. उस्ताद जवळ आला. पंजाबी का बिहारी, मला आठवत नाही. म्हणाला, "डर लगता है?" कमळू म्हणाला, "जी उस्ताद." उस्तादानं त्यालाच पहिला घेतला. "जो डरता है, वो संभल के उतरेगा."

तिथं त्यानं सगळं शिकून घेतलं. गढूळ पाण्यात डोळे मिटून हातानं कसं शोधायचं, शेत नांगरतात तसं एका तासाला, म्हणजे नांगराच्या रेघेला, लागून दुसरा तास. बुडणारा माणूस समोरून धरायचा नाही, तो तुम्हालाही घेऊन जातो. आणि दोर. दोर छातीला बांधायचा, आणि तोही अशा गाठीनं की एक टोक ओढलं तर सुटली पाहिजे. वरच्या माणसाशी बोलायचं ते दोरानं. एक हिसका म्हणजे मी ठीक आहे. दोन हिसके म्हणजे सैल सोड, मला पुढं जायचंय. तीन म्हणजे ओढ वर. एवढी तीनच बोलणी, पण ती चुकली तर माणूस गेला.

सतरा वर्षं नोकरी करून हवालदार होऊन परत आला. लोक म्हणाले, आता मुंबईला वॉचमन होईल. तो काही गेला नाही. टोकावड्याच्या ढाब्यांवर पाण्याच्या मोटरी बसवायला लागला, बंद पडलेले पंप खोलायला लागला. विहिरीत मोटर अडकली तर मुरबाडहून माणूस यायला दोन दिवस लागतात. कमळू चड्डीवर उतरायचा आणि तासात मोटर वर. लग्न त्याचं झालं होतं, बायको यमू, पण तिला माहेरी वासिंदलाच बरं वाटायचं. भांडण नव्हतं. ती सणाला यायची, तो तिकडे जायचा, दोघं हसून असायची. तो वेगळा विषय आहे.

बुडालेल्यांचं काम त्यानं मागून घेतलं नाही. घाटात पावसाळ्यात फिरायला माणसं येतात. धबधबा दिसला की चप्पल काढतात, चप्पल काढली की उतरतात. एकदा पोलीस आले, काठावर उभे राहिले, गळ टाकून थकले. कमळू तिथं ढाब्यावर पंप खोलत होता. हात पुसले आणि म्हणाला, "मी बघू का?" त्या दिवसापासून त्याचा नंबर चौकीत भिंतीवर लिहिला गेला. मुरबाडचा, पुढं शहापूरचाही. पलटणीत पाठीवर हवेचं नळकांडं असायचं. इथं छातीत मावेल तेवढीच हवा.

वाडीला हे आवडलं नाही. बुडालेला माणूस आसरांचा. तो त्यांच्या घरातून काढून आणायचा म्हणजे काय? प्रेत काढून आला की चार दिवस त्याच्या हातची तंबाखू कोणी घ्यायचं नाही. सावळी उंबऱ्याबाहेर कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी ठेवायची. तो हसून हातपाय धुवायचा. मात्र कोणाचा हंडा विहिरीत पडला की तीच माणसं दारात, "कमळूदादा, जरा ये ना रे." मी तंबाखू घ्यायचे. माझं वय झालं होतं, मला आसरा नेऊन तरी काय करणार?

प्रश्न होता दोर कोण धरणार. वाडीतला एकही पुरुष तयार होईना. मग पोश्या मिळाला, खालच्या कातकरी वाडीतला. पाण्याला न घाबरणारा, डोळे मिटून मासा धरणारा. पण पोश्या दिवाळीनंतर बायकोमुलांना घेऊन वीटभट्टीवर जायचा तो पावसाच्या तोंडावर परत. एके साली माघात निरोप आला, शहापूरकडे खदानीच्या पाण्यात माणूस गेलाय. पोश्या नाही. कमळू ओटीवर बसून म्हणाला, "आता धरतं कोन?"

जैतू पडवीत शेंगा सोलत होता. हात झटकून उठला.

"मी येतो."

आत सावळीच्या हातून ताट पडलं. मी कुडाच्या अलीकडून ऐकलं.  पोरगा त्या माणसाच्या हातात जीव देणार, आणि त्याला माहीत नाही की त्या हातांनी काय केलंय. सांगावं का? त्या दिवशी मला भाकरी गोड लागली नाही. सावळीकडे बघितलं तर तिनं मान फिरवली. पण दोघं संध्याकाळी परत आले, कमळू पुढं, जैतू मागं खांद्यावर दोर घेऊन. वीस-बावीस वर्षांनी त्याच्या अंगाला दोर लागला होता. चालताना खांदा असा धरलेला, की वर कोणी बसलंय.

मग ते तसंच चालत राहिलं. जैतू कुठंही यायचा. कमरेला दोराचा वेढा घ्यायचा, पाय दगडाला लावायचा, आणि त्या दोराकडे असा बघायचा की पापणी लवायची नाही. पोलीस म्हणायचे, म्हातारा पक्का आहे. घरी आल्यावर मात्र त्याची मूठ उघडायची नाही. जेवायला बसला तरी उजवा हात मिटलेला. सावळी मांजराला म्हणायची, "मने, त्याला सांग, आता धरायला काय नाय." मग तो दुसऱ्या हातानं एकेक बोट सरळ करायचा.

मी गप्प राहिले. वाटलं, झालं ते झालं. बाप धरतोय ना.

ते उलटलं सापगावला.

आश्विन चालू होता, पाऊस संपलेला, नदी भरलेली पण शांत दिसणारी. तिथला रविंद्र म्हणून एक टेम्पोवाला गाडी धुवायला नदीत उतरला आणि पाय सरकून गेला. कमळू आणि जैतू दुपारी पोचले. काठावर रविंद्रची बायको भावना बसली होती, मांडीवर नवऱ्याचा शर्ट घडी घालून. हे सगळं मला कमळूनंच सांगितलं, तेव्हा नाही, पुढं.

तो खाली गेला. दहा-बारा हात खाली खडकाला कपार होती. कपारीत हात घातला तर कापड लागलं. बनियन. बोटांच्या टोकाला लागलं, मुठीत येईना. अजून एक हात दोर पाहिजे. त्यानं दोन हिसके दिले.

दोर सैल झाला नाही.

परत दोन. दोर ताठ. उलट जास्त ताठ, कोणी वरून घट्ट आवळलाय असा. गाठ सोडून पुढं जाता आलं असतं; पण गढूळ पाण्यात कपारीत शिरताना दोर सोडायचा नाही, हे त्याच्या अंगात मुरलं होतं. हवा संपली. तीन हिसके दिले. ते मात्र लगेच कळले, असा ओढला की खडकाला खांदा खरचटला.

परत दम घेऊन खाली गेला तेव्हा कपार रिकामी. पाण्याच्या ओढीनं काढून नेला होता.

भावना उठून उभी राहिली. "हाताला लागला व्हता म्हनता ना? मंग?"

कमळू छातीवरची गाठ सोडत राहिला. तिनं जैतूकडे पाहिलं. "दोर कोन धरत व्हतं?"

तिसऱ्या दिवशी रविंद्र फार खाली सापडला. तिला कपड्यांवरून ओळखायला सांगितलं, आणि शर्ट तर तिच्याकडेच होता.

त्या दिवशी बापलेक शहापूरहून मुरबाडला एस.टी.नं आले, मुरबाडहून वर जीपनं.  वाडीच्या उतारावर कमळू थांबला.

"बा, दोन हिसके दिले व्हते. दोन."

"मना कळले."

"मंग?"

"हात उघडला नाय रे."

कमळूनं त्याच्या खांद्यावरून दोर काढून घेतला, घरी येऊन माळ्यावर टाकला. पोलिसांना फोन केला, माझा नंबर खोडा. पोश्याला तेव्हा कल्याणकडे कायमचं काम लागलं होतं. महिन्याभरात टोकावड्याहून एक बाई आली, तिचा भाऊ धरणाच्या पाण्यात गेला होता. रडत होती. कमळू म्हणाला, "ताई, दोर धरायला मानूस नाय."

जैतू तिथंच ओटीवर बसला होता. धडधाकट, दोन हातांचा.

त्या बाईचा भाऊ पाण्यातच राहिला.  आमच्या वाडीपासून तीन कोसांवर एक माणूस पाण्यात आहे, आणि त्याला काढणारा घरात बसून पंपाच्या फूटव्हॉल्व्हला रबर बसवतोय. जैतूनं जेवण कमी केलं. डोहाकडे तोंड करून बसायचा. मांजरांनाही कळेना कोणाचा निरोप कोणाला द्यायचा.

शेवटी मला राहवलं नाही. कमळू विहिरीच्या कडेला पंप पसरून बसला होता. मी त्याच्यासमोर बसले आणि सगळं ओकून टाकलं. नवा दोर, अर्धं टोक, तिनं ओढला, दोन जायचं व्हतं. तो पान्यानं नट आवळत राहिला.

"मना ठावं हाय काकी."

"कधीपासून?"

"तवापासून. मी सतरा वर्सांचा व्हतो, आंधळा नव्हतो. अर्धा दोर घरात आलाच नाय."

"आनि तरी त्याच्या हातात दोर दिलास? इतकी वर्सं?"

"म्हनून तर दिला."

मग त्यानं पाना खाली ठेवला. म्हणाला, पलटणीत पहिल्याच वर्षी हिमालयातल्या एका वाहत्या नदीवर उस्तादानं दाखवलं. पोत्यात भुसा भरून ते दोराला बांधलं, पाण्यात सोडलं आणि वरून दोर घट्ट धरला. पोतं तरंगलं नाही, पाण्यानं दाबून तळाला नेलं. मग दोर सोडला. पोतं वर आलं आणि पुढं वाहत गेलं. वाहत्या पाण्यात बांधलेला माणूस धरून ठेवला तर धरणाराच त्याला बुडवतो. म्हणून तर ती सुटणारी गाठ.

"सुदामदादाची गाठ पक्की व्हती, आपल्याकडं बैलाला मारतात तशी. ओंडका दोराला लागला आसंल, तो हिसका. बानं धरला आसता तर दादा दोराखाली गेला आसता. सोडला म्हनून त्याला चार घटका तरी मिळाल्या आसतील."

 मग मला राग आला.

"मेल्या, हे मना सांगून काय उपेग? मी का दोर धरते? ज्याला सांगायचं त्याला इतकी वर्सं सांगितलं नायस?"

"कसं सांगू काकी? सांगायचं तर पयलं हे सांगावं लागतं का तू सोडलास हे मना ठावं हाय."

एवढा पलटणीतला हवालदार, नाकावर घाम आला होता त्याच्या.

मी म्हटलं, "मंग सांग. नायतर मी सांगते. माझं तोंड तुला ठावं हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो जेवताना बापासमोर बसला. मी या बाजूला होते. सूप नव्हतं, काही नव्हतं, कान लावूनच बसले होते, खोटं कशाला बोलू.

त्यानं सगळं सांगितलं. पोतं, दोर, गाठ. जैतूचा घास थांबला. त्यानं विचारलं, "मंग तो हिसका तिचा नव्हता?"

"तिचा आसंल बी. मी नाय सांगू शकत. पन वढला तो लाकडानंच."

"मना ते ठावं नव्हतं कमळू. पोत्याचं मना कोनी दावलं नव्हतं. मी भिऊन सोडला."

"व्हय."

"भिऊन सोडला तो सोडलाच ना?"

कमळूनं याला नाही म्हटलं नाही. मला वाटलं होतं म्हणेल. तो म्हणाला, "सोडलाच. पन बा, सोडनं शिकावं लागतं. मना शिकवलं, म्हनून मी तुला शिकवतो. धरनं तुला येतं. दोन हिसके आले का सोडायचं. एक हात, दोन हात, मोजून."

मग सावळीचा आवाज आला. इतका वेळ ती चुलीजवळ असणार.

"इतकी वर्सं तू गप व्हतास?"

"तुमी दोघं बी गप व्हता," कमळू म्हणाला.

पुढं जे झालं ते मी नीट ऐकलं, कारण सुदाम गेल्यापासून त्या कुडाच्या अलीकडे मी असं कधी ऐकलं नव्हतं. सावळी म्हणाली, "भात घे अजून." मधे मनीचं नाव नाही. थेट जैतूला.

त्यानंतर विहिरीच्या काठावर बापलेकांची कवायत सुरू झाली. कमळू विहिरीत, जैतू वर. दोन हिसके. पहिल्या दिवशी हात उघडलाच नाही. कमळू खालून ओरडायचा, "बा, सोड!" आणि जैतू वरून, "व्हय, व्हय," पण मूठ तशीच. पाण्याला आलेल्या बायका हंडे घेऊन ताटकळत उभ्या. रुपा, शेजारची सून, म्हणाली, "मामंजी, सोडा ना, आमाला सैपाक हाय." त्यावर जैतूला हसू आलं आणि हसता हसता मूठ सैल झाली. पहिला हातभर दोर तसा गेला.

पुढच्या पावसाळ्यात एक फिरायला आलेला माणूस वरून वाहत आला, तो नेमका आमच्याच डोहात. पोलीस आले, वाडी काठावर जमली, पण लांब. जैतू त्या काठावर सुदाम गेल्यापासून गेला नव्हता. त्या दिवशी गेला. कमळूनं थांबून पाण्याची ओढ उतरू दिली, मग छातीला दोर बांधला, दुसरं टोक बापाच्या हातात दिलं आणि उतरला. मी जवळ होते, म्हाताऱ्या बाईला कोण हटकतं. दोर गेला, थांबला. मग हलला. एक, दोन.

जैतूचे ओठ हलत होते. मी पुढं झाले. तो म्हणत होता, "जा. जा. जा." आणि प्रत्येक जा म्हटलं की मुठीतून हातभर दोर जात होता. त्याच्या डोळ्यांकडे मी बघितलं नाही. तो कमळूला म्हणत होता का आणखी कोणाला, ते मी आजपर्यंत स्वतःलाही विचारलेलं नाही.

तीन हिसके आले. ओढलं. कमळू वर आला, एका हातात त्या माणसाची कॉलर. नंबर पुन्हा चौकीच्या भिंतीवर लागला. भावनाला सांगायला मात्र कमळू सापगावला एकटा गेला. काय बोलला, ती काय म्हणाली, ते त्यानं सांगितलं नाही. आला तेव्हा चेहरा गेला तेव्हापेक्षा बरा नव्हता.

तीन वर्षं बापलेक तसे फिरले. गेल्या वैशाखात कमळू गेला. पाण्यात नाही, घरात, अंथरुणात, तापानं. टोकावड्याला दाखवलं, मुरबाडला नेलं, पाच दिवसांत आटोपलं. माझ्याहून वीस-पंचवीस वर्षांनी लहान. यमू आली होती, ती अजून इथंच आहे. सावळी आता कोणाशीच फारशी बोलत नाही, मांजराशीही नाही.

ताप चढायच्या आदल्या दिवशी सकाळी रुपाचा हंडा विहिरीत पडला. पाणी तळाला गेलं होतं तरी पुरुषभर होतं. रुपा दारात येऊन म्हणाली, "दादा, परत पडला."

"तुझा हंडा आता वाट ओळखतो," कमळू म्हणाला. अंग दुखतंय असं सावळीला बोलला होता, पण उठला. विहिरीवर आला, छातीला दोर बांधला. पुरुषभर पाण्यात दोर कशाला, असं मी नेहमीसारखं म्हटलं, आणि त्यानं नेहमीसारखं उत्तर दिलं, "नियम हाय काकी." जैतूनं दगडाला पाय लावला. कमळू पायऱ्या उतरला, पाण्यात गेला, थोड्या वेळानं हंडा घेऊन वर आला. हंड्यात एक वाटी, एक प्लॅस्टिकची चप्पल आणि कोणाचा तरी कंगवा होता. त्यानं ते काठावर मांडून ठेवलं, ज्याचं त्यानं न्यावं म्हणून. गाठ सोडली. जैतूनं दोर चांगल्या पाण्यानं धुतला, दोघांनी दोन टोकं धरून पिळला, आणि कमळूनं तो सावलीत वाळत टाकला. मग टोकावड्याला पंप लावायचा होता, म्हणून पिशवी घेऊन रस्त्याकडे गेला.